परदेशी जोडीदाराचा निवास-हक्क आणि भाषेची कसोटी

विवाह हा दोन व्यक्तींमधील संबंध असला, तरी पती आणि पत्नी भिन्न राष्ट्रांचे नागरिक असतात तेव्हा त्या संबंधात एक तिसरा पक्ष आपोआप प्रवेश करतो. हा तिसरा पक्ष म्हणजे शासनसंस्था होय. विवाह वैध आहे हे मान्य करणे आणि विवाहित जोडीदारास आपल्या भूमीवर राहू देणे, या दोन गोष्टी शासनसंस्था परस्परांहून वेगळ्या मानते. पहिली गोष्ट विवाहाच्या दाखल्याने सिद्ध होते. दुसरीसाठी उत्पन्नाचा, घराचा आणि एकत्र राहण्याच्या इराद्याचा पुरावा द्यावा लागतो. पश्चिम युरोपातील काही देशांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून या पुराव्यांत आणखी एकाची भर घातली आहे. जोडीदाराने त्या देशात पाऊल ठेवण्यापूर्वीच तेथील भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अशी ही अट आहे. कायद्याच्या अभ्यासकांनी तिची पुष्कळ चर्चा केली आहे. तथापि ‘भाषा येणे’ म्हणजे नेमके काय, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न भाषाविज्ञानाचा आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. कायम निवासाच्या परवान्यास जर्मन भाषेत ‘निडरलासुंग्स-एर्लाउबनिस’ म्हणतात. त्यातील पूर्वपदाचा अर्थ एका जागी स्थिरावणे, मराठीच्या वळणाने सांगावयाचे तर ‘बस्तान बसवणे’, असा आहे. उत्तरपदाचा अर्थ परवानगी. ब्रिटनच्या कायद्यात याच अवस्थेस ‘इन्डेफिनिट लीव्ह टु रिमेन’ असे नाव आहे. येथे ‘लीव्ह’ म्हणजे सुट्टी नव्हे, तर संमती. मराठीतील ‘रजा’ हा अरबीतून आलेला शब्दही मुळात संमतीवाचक असून पुढे सुट्टी या अर्थाने रूढ झाला, हे साम्य लक्षणीय आहे. डच भाषेत परदेशी व्यक्तीने अंगी बाणवावयाच्या गोष्टींसाठी ‘इन्बुर्खेरिंग’ हा शब्द वापरतात. त्याच्या पोटात नागरिक या अर्थाचा ‘बुर्खेर’ हा शब्द असल्याने त्याचा भाव ‘नागर करून घेणे’ असा होतो. बस्तान, संमती आणि नागरीकरण या तीन शब्दांतून तीन देशांची दृष्टी काही अंशी सूचित होते.

महाराष्ट्राशी ज्याचा प्रत्यक्ष संबंध येतो असे उदाहरण जर्मनीचे आहे, कारण या परीक्षेस बसणारे उमेदवार पुणे व मुंबई येथील मॅक्स म्युलर भवनांत दिसतात. जर्मनीने ही अट २८ ऑगस्ट २००७ रोजी अमलात आलेल्या कायद्याने लागू केली. नवागतांचे समाजात सामीलीकरण सुलभ व्हावे आणि सक्तीच्या विवाहांना आळा बसावा, असे दोन हेतू त्यावेळी सांगण्यात आले. जर्मनीत राहणारा जोडीदार आपल्या पतीस वा पत्नीस बोलावू इच्छितो तेव्हा सामान्यतः तीन पायऱ्या पार कराव्या लागतात. पहिली पायरी मायदेशातील जर्मन वकिलातीत अर्ज करून प्रवेशपरवाना मिळविण्याची. भाषेचे प्रमाणपत्र येथेच जोडावे लागते. दुसरी पायरी जर्मनीत गेल्यावर मुदतीचा निवास-परवाना घेण्याची. तिसरी पायरी कायम निवासाची. जोडीदार जर्मन नागरिक असेल तर साधारणतः तीन वर्षांनी ती गाठता येते. मात्र सहजीवन चालू असले पाहिजे आणि भाषेचे ज्ञान ‘बी-१’ या पातळीस पोचले पाहिजे. प्रवेशासाठी मागितली जाणारी पातळी ‘ए-१’ ही होय.

ही अक्षरे आणि अंक कोठून आले? युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाशिक्षणासाठी एक सामाईक संदर्भ-आराखडा प्रसिद्ध केला. त्यात भाषिक क्षमतेच्या सहा पातळ्या कल्पिल्या असून ‘ए-१’ ही सर्वांत खालची आहे. समोरचा मनुष्य सावकाश व स्पष्ट बोलत असेल आणि साह्य करण्यास तयार असेल, तर नित्याच्या गरजांविषयी साध्या वाक्यांनी व्यवहार करता येणे, असे तिचे स्थूल वर्णन करता येईल. या वर्णनातील ‘तर’ महत्त्वाचा आहे. क्षमता येथे एकट्या बोलणाऱ्याची मानलेली नाही. ऐकणाऱ्याच्या सौजन्यावरही ती अवलंबून ठेवली आहे. हा आराखडा शिक्षक, पाठ्यपुस्तककार आणि परीक्षक यांना परस्परांचे बोलणे समजावे म्हणून तयार झाला होता. सीमेवरील द्वारपालाच्या हाती तो मोजपट्टी म्हणून नंतर गेला.

‘ए-१’च्या जर्मन परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात व १०० पैकी ६० गुणांना उमेदवार उत्तीर्ण होतो. लेखनात एखादा नमुना-अर्ज भरावयाचा आणि छोटासा निरोप लिहावयाचा असतो. संभाषणात नाव, वय, देश, राहण्याचे ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद यांविषयी स्वतःची ओळख करून द्यावयाची, प्रश्न विचारावयाचे आणि विनंती करावयाची असते. मराठी भाषकाच्या दृष्टीने यात काही सोयी आहेत. मराठीप्रमाणे जर्मनमध्येही तीन लिंगे असल्याने नपुंसकलिंगाची कल्पना त्याला नवी नसते. हिंदी भाषकाला ती नव्याने शिकावी लागते. ‘चांगला’, ‘चूल’ या शब्दांतील दंत्य ‘च’ मराठीत असल्याने जर्मन ‘त्सेन’, म्हणजे दहा, या शब्दाचा आद्य ध्वनी त्याच्या जिभेवर सहज येतो. गौण वाक्यात क्रियापद शेवटी ठेवण्याची जर्मन रीतही मराठी कानाला परकी वाटत नाही. अडचण येते ती ओठांचा चंबू करून पुढच्या जिभेने उच्चारावयाच्या स्वरांची. ‘आधीच’ आणि ‘सुंदर’ या अर्थांचे दोन जर्मन शब्द केवळ अशा एका स्वराच्या भेदाने वेगळे होतात. मराठीत तो स्वर नसल्याने दोन्ही सारखेच ऐकू येतात.

परंतु ध्वनी वा व्याकरण यांहून मोठी अडचण लिपीची आहे. जर्मन परीक्षेत वाचन-लेखन अंतर्भूत असल्यामुळे ती भाषेबरोबर रोमन लिपीतील साक्षरतेचीही परीक्षा होते. पुण्यात इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या पदवीधर तरुणीस ही बाब जाणवतही नाही. प्राथमिक शाळेत केवळ देवनागरी गिरवून पुढे शिक्षण थांबलेल्या स्त्रीस मात्र आधी लिपी, मग लेखनपद्धती, मग शब्द आणि मग वाक्य, अशी चार कामे एकाच वेळी करावी लागतात. जिला कोणतीच लिपी येत नाही तिच्यापुढील अडचण तर वेगळ्याच जातीची आहे. प्रौढ वयात प्रथमच साक्षर होणे आणि तेही परभाषेतून, ही गोष्ट अशक्य नसली तरी काही महिन्यांची नव्हे.

याचे बोलके उदाहरण युरोपीय न्यायालयाने १० जुलै २०१४ रोजी निकाल दिलेल्या एका खटल्यात आढळते. जर्मनीत राहणाऱ्या एका तुर्की गृहस्थाच्या पत्नीने ही परीक्षा दिली आणि तिला १०० पैकी ६२ गुण मिळाले. म्हणजे नियमाप्रमाणे ती उत्तीर्ण होती. तरीही वकिलातीने तिचा अर्ज नाकारला. ती निरक्षर आहे, उत्तरांच्या चौकटींत तिने अंदाजाने खुणा केल्या आणि तीन ठरीव वाक्ये पाठ करून लिहिली, असे वकिलातीचे म्हणणे होते. तुर्कस्तानशी १९७० मध्ये झालेल्या पूरक करारान्वये तुर्की नागरिकांवर अशी नवी बंधने लादता येत नाहीत, असा निर्णय न्यायालयाने दिला. सक्तीचे विवाह रोखण्याचा हेतू मान्य केला तरी प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती न पाहता सरसकट नकार देणे हे गरजेपेक्षा अधिक आहे, असेही त्याने नमूद केले. भाषापरीक्षणाच्या दृष्टीने या प्रकरणाचे तात्पर्य निराळे आहे. प्रमाणपत्र असूनही भाषा येत नाही असे जेव्हा अट घालणारेच म्हणतात, तेव्हा परीक्षा जे मोजते ते आणि कायद्याला जे हवे आहे ते एकच नव्हे, हे त्यांनीच मान्य केलेले असते.

‘भाषा येणे’ या कल्पनेची व्याख्या देशागणिक कशी बदलते, हे अन्य दोन देशांच्या तुलनेने स्पष्ट होईल. ब्रिटनने २९ नोव्हेंबर २०१० पासून जोडीदारांना ‘ए-१’ पातळीची अट घातली, पण ती केवळ बोलणे व ऐकणे यांपुरती. तेथे निरक्षरता हा प्रत्यक्ष अडसर ठरत नाही. पुढे २०१३ पासून कायम निवासासाठी ‘बी-१’ पातळी आणि ब्रिटनमधील जीवनाविषयीची परीक्षा अशा दोन्ही गोष्टी आवश्यक करण्यात आल्या. नेदरलंड्सने १५ मार्च २००६ पासून परदेशातील डच वकिलातीतच परीक्षा घेण्यास प्रारंभ केला. आरंभीच्या काळात उमेदवार दूरध्वनीवरून बोलत असे आणि त्याच्या उच्चारांचे मूल्यमापन मनुष्य न करता संगणक करीत असे. वाचनाचा भाग तेथे १ एप्रिल २०११ पासून जोडला गेला. एवंच, एकाच पातळीचे नाव घेणाऱ्या या तीन देशांपैकी एकाने भाषा म्हणजे संभाषण मानले, दुसऱ्याने संभाषण व लेखन दोन्ही मानली आणि तिसऱ्याने काही वर्षे यंत्राला ओळखता येणारा उच्चार मानला.

अटीइतकेच तिचे अपवादही अर्थपूर्ण असतात. अमेरिका, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांच्या नागरिकांना जर्मनीने प्रवेशापूर्वीच्या भाषेच्या अटीतून वगळले आहे. भारतीयांना ती सवलत नाही. उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारे ‘ब्लू कार्ड’ ज्याच्याकडे आहे, त्याच्या पत्नीस ही परीक्षा द्यावी लागत नाही. फ्रान्सचा वा अन्य सदस्य देशाचा नागरिक जर्मनीत राहत असेल, तर युरोपीय संघाच्या संचारस्वातंत्र्यामुळे त्याची भारतीय पत्नीही मुक्त असते. मात्र जर्मनीत स्थायिक असलेल्या जर्मन नागरिकाच्या भारतीय पत्नीस परीक्षा द्यावी लागते. म्हणजे ब्लू कार्डावर काम करणाऱ्या मराठी अभियंत्याने जर्मन नागरिकत्व घेतले आणि त्यानंतर विवाह केला, तर पत्नीला आणताना त्याच्यापुढील अट सामान्यतः अधिक कडक होते. ब्रिटनमध्ये बहुसंख्य इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना सूट आहे. त्या यादीत भारत नाही. इंग्रजी माध्यमातून मिळविलेली व तेथे मान्यता पावलेली पदवी मात्र परीक्षेऐवजी चालते. भाषेची अट सर्वांना समान वाटते, पण ती राष्ट्र, शिक्षण आणि वर्ग यांच्या गाळणीतून जाते ती अशी.

न्यायालयांनी ही विषमता सर्वस्वी दूर केली नसली तरी तिची धार कमी केली आहे. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१२ मध्ये असे ठरविले की, जर्मन नागरिकाच्या जोडीदाराने वर्षभर प्रामाणिक प्रयत्न करूनही भाषा साध्य झाली नाही, किंवा असे प्रयत्न करणेच त्याला शक्य वा वाजवी नसले, तर प्रवेश नाकारता येणार नाही. २०१५ मध्ये विशेष अडचणींचा अपवाद कायद्यातही आला. युरोपीय न्यायालयाने त्याच वर्षी नेदरलंड्ससंबंधीच्या खटल्यात अट मान्य केली, परंतु ३५० युरोंचे परीक्षाशुल्क आणि ११० युरोंचे अभ्याससाहित्य हा भार अतिरिक्त ठरविला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०१५ रोजी मूळ नियम रद्द केला नाही. मात्र अपवादांविषयीच्या मार्गदर्शक सूचना इतक्या संकुचित आहेत की, पुष्कळ प्रकरणांत त्यामुळे कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग होण्याचा संभव आहे, असे मत दिले.

अटीच्या बाजूनेही काही सांगता येण्यासारखे आहे आणि ते दुर्लक्षणीय नाही. पतीच्या मागे परक्या देशात गेलेली आणि तेथील भाषेचा एकही शब्द न जाणणारी स्त्री सर्वस्वी पतीच्या जिभेवर अवलंबून असते. दवाखान्यात, शाळेत, पोलिसांपुढे तोच तिचा दुभाषी असतो. आणि तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर तिला बोलावयास कोणीच उरत नाही. जर्मन कायद्यानुसार विवाह मोडल्यास जोडीदाराचा स्वतंत्र निवास-हक्क सामान्यतः तीन वर्षांच्या तेथील सहजीवनानंतरच निर्माण होतो. ही मुदत २०११ मध्ये दोनावरून तीन वर्षांवर नेण्यात आली. घरगुती हिंसेसारख्या प्रसंगी तीतून सूट आहे, परंतु ती मिळविण्यासाठी आपली कैफियत मांडता आली पाहिजे. अशा वेळी भाषा हेच स्त्रीचे संरक्षण असते.

तथापि यावरून भाषा शिकणे आवश्यक आहे एवढेच सिद्ध होते. ती परदेशी जाण्यापूर्वीच शिकली पाहिजे हे सिद्ध होत नाही. जर्मनीनेच नवागतांसाठी सामीलीकरणाचा अभ्यासक्रम चालविला असून त्यात भाषेच्या ६०० तासिका आणि समाजपरिचयाच्या १०० तासिका असतात. जी भाषा रस्त्यावर, बाजारात आणि शेजारी ऐकू येते ती शिकणे, आणि जी केवळ वर्गाच्या चार भिंतींत ऐकू येते ती शिकणे, यांतील अंतर भाषाशिक्षकांस ठाऊक आहे. ‘ए-१’ पातळीचे पाठांतर पुढे वापराअभावी लवकर विरून जाते. उलट तेच ज्ञान रोजच्या व्यवहारात पडले तर वाढत जाते. म्हणून प्रवेशापूर्वीची परीक्षा हे भाषा शिकविण्याचे साधन असण्यापेक्षा कोणास आत घ्यावयाचे हे ठरविण्याचे साधन अधिक आहे, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

ही वस्तुस्थिती बदलेपर्यंत या मार्गाने जाणाऱ्यांना काही गोष्टी ध्यानात ठेवणे हिताचे आहे. आपण अटीत बसतो की अपवादात, हे परीक्षेची तयारी सुरू करण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. रोमन लिपीचा सराव नसलेल्यांनी भाषेच्या वर्गाआधी लिपीसाठी वेगळा वेळ दिला पाहिजे. अपवाद मागावयाचा असल्यास प्रयत्नांचा पुरावा, म्हणजे वर्गाच्या पावत्या, हजेरीपत्रके आणि पूर्वीच्या परीक्षांचे निकाल, जपून ठेवला पाहिजे. आणि प्रमाणपत्र हाती आल्यावर अभ्यास थांबवू नये. कारण कायम निवासाच्या पायरीवर ‘बी-१’ची कसोटी पुन्हा उभी असते. महाराष्ट्रातील जर्मन भाषेच्या शिक्षकांपुढेही यात एक काम आहे. आजची बहुतेक पाठ्यपुस्तके रोमन लिपी येते असे गृहीत धरून लिहिलेली आहेत. देवनागरीपासून आरंभ करणारी, मराठीतील दंत्य ‘च’ आणि नपुंसकलिंग यांचा आधार घेणारी आणि परक्या स्वरांवर आधी कान तयार करणारी प्रवेशिका रचली गेली, तर ज्यांच्या संसाराचा मार्ग या परीक्षेतून जातो अशा अल्पशिक्षित स्त्री-पुरुषांना तिचा सर्वाधिक उपयोग होईल.