इंग्लंडमधील फोनिक्स पडताळणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडमधील सरकारी खर्चाने चालणाऱ्या प्राथमिक शाळांत 'इयर वन' या वर्गातील मुलांचे वाचन दर वर्षी जून महिन्यात एका छोट्या तोंडी पडताळणीतून तपासले जाते. 'फोनिक्स स्क्रीनिंग चेक' या नावाची ही पडताळणी २०१२पासून सक्तीची आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ती नाही. फोनिक्स ही वाचन शिकवण्याची अशी पद्धत आहे, की जिच्यात मूल प्रत्येक अक्षराचा किंवा अक्षरगटाचा ध्वनी ओळखते आणि ते ध्वनी ओळीने जोडून शब्द वाचते. जिम रोझ यांच्या २००६च्या अहवालाने तिची शिफारस केल्यानंतर इंग्लंडच्या शाळांत वाचनाचा आरंभ प्रामुख्याने याच पद्धतीने होऊ लागला. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या पडताळणीची धास्ती वाटते, आणि ती बहुतांशी चुकीच्या समजुतींतून येते.

पहिली समजूत अशी, की ही प्रवेशपरीक्षेसारखी एखादी परीक्षा असून तीत नापास झालेले मूल मागे पडते. वस्तुतः वर्गात इतरांदेखत काहीही घडत नाही. मुलाच्या ओळखीचे शिक्षक त्याला शांत जागी एकटे बसवून ४० शब्द वाचायला देतात आणि हे काम साधारण ५ ते १० मिनिटांत संपते. मूल अडखळले, थांबले किंवा एकदा चुकीचे वाचून मग स्वतःच सुधारले, तर त्याचे शेवटचे वाचन ग्राह्य धरले जाते, आणि मुलाला फारच जड जात असेल तर शिक्षक पडताळणी मध्येच थांबवू शकतात. शाळा पालकांना निकाल कळवते, परंतु शाळानिहाय निकालांचे जाहीर तक्ते निघत नाहीत. अपेक्षित पातळी आजवर दर वर्षी ३२ गुणांचीच राहिली आहे. तरीही २०१४पासून ती शिक्षकांना आधी सांगितली जात नाही, कारण पहिल्या दोन वर्षांत ३१ गुणांची मुले फार थोडी आणि नेमके ३२ गुण मिळवणारी एकाएकी पुष्कळ, असे आकड्यांत दिसून आले होते. सीमेवरच्या मुलाला वर ढकलण्यात शिक्षकांची माया असेल, परंतु त्यामुळे ज्याला मदत हवी तेच मूल मदतीच्या यादीतून गळते, हे विसरता येत नाही.

पालकांना सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकतात ते निरर्थक शब्द. ४०पैकी २० शब्द इंग्रजीत अस्तित्वातच नसतात. त्यांच्याशेजारी एका काल्पनिक प्राण्याचे चित्र असते आणि हे त्या प्राण्याचे नाव आहे, असे मुलाला सांगितले जाते. ही मुलांची फसवणूक आहे, किंवा असे शब्द घरी पाठ करून घेतले पाहिजेत, असा ग्रह त्यातून होतो. परंतु 'डॉग' हा शब्द मूल अक्षरे उलगडून वाचते की तो आकार पूर्वी पाहिलेला असल्यामुळे आठवणीने सांगते, हे ऐकणाऱ्याला कळू शकत नाही, तर 'व्हॅप' हा शब्द त्याने कधीच पाहिलेला नसल्यामुळे तो ध्वनी जोडूनच वाचावा लागतो. म्हणून अशा शब्दांच्या याद्या विकत आणून पाठ करवणे व्यर्थ तर आहेच, शिवाय ज्या कौशल्याची चाचपणी व्हायची त्यालाच ते झाकून टाकते. गुण देण्याची रीतही या हेतूशी सुसंगत आहे. 'ओ' आणि 'डब्ल्यू' ही अक्षरे 'स्नो' या शब्दात 'ओ' असा, तर 'काऊ' या शब्दात 'आऊ' असा ध्वनी देतात. निरर्थक शब्दात यांपैकी कोणताही उच्चार मान्य होतो, खऱ्या शब्दात मात्र प्रचलित उच्चारच लागतो. केवळ सुटे ध्वनी म्हणून दाखवणे पुरेसे नसते, ते जोडून अखंड शब्द म्हणावा लागतो.

नेमकी येथेच मराठी घरातील तयारी वाट चुकू शकते, आणि याकडे पालकांनी मनापासून लक्ष द्यावे. 'ए, बी, सी' पाठ असणे म्हणजे वाचनाची तयारी झाली, असे अनेकांना वाटते. परंतु 'सी, ए, टी' ही नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून 'कॅट' हा शब्द निघत नाही, कारण ती अक्षरांची नावे आहेत, ध्वनी नव्हेत. दुसरी अडचण आणखी सूक्ष्म आहे. देवनागरीत 'क' लिहिला की त्यात 'अ' हा स्वर आपोआप असतोच आणि 'क-म-ळ' असे सुटे वाचून ते जोडले की 'कमळ' हा शब्द सहज तयार होतो, पण त्याच सवयीने इंग्रजी ध्वनी 'क, अ‍ॅ, ट' असे प्रत्येकामागे 'अ' लावून शिकवले, तर जोडताना मुलाच्या तोंडून 'कअ‍ॅट' किंवा 'कॅटअ' असे काहीतरी विचित्र निघते आणि त्याला ओळखीचा शब्द ऐकूच येत नाही. यावर उपाय अवघड नाही. 'स्', 'म्', 'फ्' हे ध्वनी श्वास पुरेल तितके लांबवता येतात म्हणून आरंभ त्यांच्यापासून करावा, आणि 'प्', 'ट्', 'क्' हे लांबवता न येणारे ध्वनी अगदी तोकडे, पाय मोडल्यासारखे उच्चारावेत. शाळा कोणत्या क्रमाने ध्वनी शिकवते ते विचारून घेऊन रोज थोडा वेळ तेच ध्वनी असलेले छोटे शब्द एकत्र वाचणे हे जूनच्या तोंडावर सराव-प्रश्नपत्रिका सोडवून घेण्यापेक्षा कितीतरी हिताचे ठरते.

घरी मराठी बोलल्याने इंग्रजी वाचन मागे पडते, ही समजूत मात्र सरळ फेटाळली पाहिजे. ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही अशी मुले या पडताळणीत इतरांच्या जवळजवळ बरोबरीने उतरतात, असे दर वर्षीचे सरकारी आकडेच दाखवतात. गुण देताना मुलाची उच्चारशैलीही विचारात घेतली जाते. शब्दातील ध्वनी सुटे करून ऐकण्याची जाण एका भाषेत आली की दुसरीतही उपयोगी पडते; मराठी गाणी, यमके आणि 'म'ने सुरू होणारे शब्द शोधण्याचा खेळ ही त्यामुळे फोनिक्सचीच पूर्वतयारी होय.

याच्या उलट टोकाचा गैरसमज असा, की ३२ गुण मिळाले म्हणजे मूल वाचू लागले. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले: अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचन, आणि यांपैकी एक शून्य असेल तर फलही शून्य. ही पडताळणी त्यातील पहिल्याच घटकाला हात घालते. दुसरा घटक गोष्टी ऐकून, प्रश्न विचारून आणि मोठ्यांशी गप्पा मारून वाढतो, आणि तो मराठीतूनही तितकाच वाढतो.

आकडेही जपून वाचले पाहिजेत. अपेक्षित पातळी गाठणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१२मध्ये ५८ टक्के होते, ते २०१९मध्ये ८२ टक्क्यांवर गेले, महासाथीनंतर २०२२मध्ये ७५वर घसरले आणि २०२४मध्ये ८० टक्के झाले. यावरून वाचन सर्वांगाने सुधारले असे मात्र सिद्ध होत नाही. सरकारनेच करवून घेतलेल्या आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात या पडताळणीमुळे एकूण साक्षरता वाढल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नव्हता. वयाचा फरकही मोठा असतो. सप्टेंबरात जन्मलेले मूल जूनमध्ये पावणेसात वर्षांचे असते तर ऑगस्टच्या अखेरीस जन्मलेले अवघे पावणेसहा, आणि धाकट्या मुलांचे निकाल दर वर्षी खाली राहतात. त्यामुळे उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलाचे २८ गुण पाहून त्याच्या बुद्धीविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. पातळी न गाठलेले मूल पुढील वर्षी पुन्हा पडताळणी देते आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एकूण मुलांपैकी दहात सुमारे नऊ मुले ती ओलांडतात. दरम्यान शाळेने जादा मदत देणे अपेक्षित असते, म्हणून पालकांनी केवळ गुण विचारून थांबू नये: मूल कोणत्या अक्षरगटांशी अडले, त्याला सुटे ध्वनी येतात पण जोडता येत नाहीत असे आहे का, आणि शब्दाच्या आरंभी दोन व्यंजने लागोपाठ आली की त्यांतील एक गळते का, हे शिक्षकांकडून नेमके समजून घ्यावे, कारण या तीन अडचणींवरचे सराव तीन वेगळे असतात.