अस्सल बरहुकूम

दिवाळी अंकाच्या संपादकांनी श्रावणात पत्र पाठवून, खानदेशात आता वैमानिक तयार होऊ लागले आहेत तेव्हा त्या विद्येविषयी काही लिहा, अशी सूचना केली. ती वाचताना माझ्या डोळ्यांपुढे साहजिकच फिरते पंखे, चकाकणारे पत्रे आणि धावपट्टीवरची धूळ उभी राहिली. परंतु पुढे दोन महिने ज्या गोष्टीने माझा पिच्छा पुरवला ती विमानाच्या दांड्यावर बसवलेली, अंगठ्याने दाबण्याची एक लहानशी कळ होती. ती दाबली म्हणजे मनुष्य बोलू शकतो आणि सोडली म्हणजे त्यास ऐकू येते. दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. ह्या एका नियमाभोवती केवढे शास्त्र उभे राहिले आहे, ह्याची मला पाचोऱ्यासारख्या गावी राहून कल्पना असण्याचे कारण नव्हते.

अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो. जे. आर. डी. टाटा ह्यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला त्यावर क्रमांक १ होता, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर टपाल आणले तेव्हा त्यांच्या विमानात रेडिओ नव्हता. मुंबईत १९२८ साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी आता धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर शिकतात. शिरपुरास शिक्षणसंस्थेची धावपट्टी आहे. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २३ मार्च २०१२ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील ह्यांच्या हस्ते झाले, आणि २०२१ साली विमानपत्तन प्राधिकरणाने वैमानिक-शिक्षणासाठी देशातील जी पाच विमानतळे निवडली त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी ह्यांच्या पंक्तीस जळगाव बसले. कापूस आणि केळी ह्यांच्या मुलखात एवढ्या जवळजवळ तीन ठिकाणी हे शिक्षण चालावे, ही गोष्ट मला अभिमानास्पद वाटते.

माझी गाठ पडली ती मात्र विमानतळावर नव्हे, पाचोऱ्यातच, एका सेवानिवृत्त रेल्वे-फाटकवाल्याच्या ओसरीवर. त्यांची नात वैमानिक होण्याचे शिक्षण घेते आणि सुटीत घरी आली म्हणजे संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून इंग्रजीत बोलत बसते. पहिल्यांदा हे ऐकून तिच्या आजीने घाबरून विचारले होते, "कोनासंगे बोली राहिनी वं?" ती बोलत होती जळगावच्या नियंत्रण मनोऱ्याशी, जो त्या ओसरीपासून हवाई अंतराने सुमारे ४३ किलोमीटर दूर आहे आणि तिचा एकही शब्द ऐकत नव्हता. हातात पंचपात्राची झाकणी होती. तिच्या कडेवर अंगठा दाबायचा, क्षणभर थांबायचे, मग बोलायचे. क्षणभर थांबण्याचे कारण असे की, कळ दाबताच बोलू लागल्यास पहिला शब्द अर्धवट कापला जातो, आणि पहिला शब्द म्हणजे आपण ज्यास हाक मारतो त्याचे नाव.

बोलण्याचा क्रम ठरलेला असतो: कोणास, कोण, कोठून आणि काय हवे. विमानाचे नाव आपल्या देशात 'व्हिक्टर टँगो' ह्या दोन अक्षरांनी सुरू होते. अक्षरे अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशा शब्दांनी उच्चारण्याची आजची पद्धत १९५६ पासून जगभर रूढ आहे, आणि आकड्यांतही तीनला 'ट्री', पाचास 'फाइफ' व नवास 'नाइनर' म्हणावे असा दंडक आहे, कारण घरघरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच ऐकू येतात. मिनिटास शंभराहून अधिक शब्द बोलू नयेत असाही आंतरराष्ट्रीय संकेत आहे. उतावळ्या माणसास हा नियम फार जड जातो; ह्या मुलीस तो जड गेला, हे तिनेच मला सांगितले.

ज्या दोन शब्दांनी मला ह्या विषयात खेचून घेतले ते 'रॉजर' आणि 'विल्को'. चित्रपटांत 'रॉजर' म्हणजे 'ठीक आहे, करतो' असे वाटते. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच की, तुमचे सर्व बोलणे माझ्यापर्यंत पोचले. जुन्या वर्णमालेत 'आर' ह्या अक्षरासाठी हा शब्द होता, आणि 'आर' म्हणजे 'मिळाले'. 'विल्को' म्हणजे मिळाले आणि त्याप्रमाणे वर्तन करीन. आमच्या मामलेदार कचेरीत ज्यांनी उमेदवारी केली त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही: हुकमाची पोच निराळी आणि हुकमाची तामिली निराळी, आणि पोच दिली म्हणून तामिली झाली असे मानणाऱ्या कारकुनाची धडगत नसे. परंतु आकाशात पोच आणि तामिली ह्या दोहोंनीही भागत नाही. धावपट्टीवर येण्याची, ती ओलांडण्याची, तिच्यावर उतरण्याची वा तिच्यावरून सुटण्याची परवानगी, उंची, दिशा, हवेच्या दाबाचा आकडा, हे सर्व ऐकणाऱ्याने शब्दशः परत म्हणून दाखवावे लागते. त्यास 'रीडबॅक' म्हणतात. आणि नियंत्रकाने ती नक्कल ऐकून मुळाशी ताडून पाहावयाची असते. दस्तऐवजाच्या प्रतीखाली 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा मारून सही करण्याची जी चाल आपल्याकडे होती, तीच ही, फक्त कागदाऐवजी वाऱ्यावर.

हा रीडबॅक आप्पांना, म्हणजे तिच्या आजोबांना, मुळीच परका वाटला नाही. त्यांची नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेली. गाडी सोडण्यापूर्वी स्टेशन मास्तर फाटकावर दूरध्वनी करी, फाटक लावण्यास सांगे, आणि आप्पा फाटक लावून, कुलूप घालून, आपल्या छापील तक्त्यातला एक 'प्रायव्हेट नंबर' त्यास कळवीत. तो नंबर दोघांच्याही वहीत वेळेसह नोंदला जाई आणि तक्त्यावर खोडला जाई. नुसते 'लावले' हा शब्द पुरत नसे. माणूस सवयीने, झोपेत किंवा धन्यास खूष करण्यासाठी 'लावले' म्हणू शकतो, परंतु जो आकडा केवळ त्याच्याच समोर आहे तो त्यास पाहूनच सांगावा लागतो. "होकारावर गाडी सोडायची नाही," असे आप्पा म्हणाले, आणि नातीच्या वहीतला पाठ पाहून त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिच्या सरावात नियंत्रकाची भूमिका स्वतःकडे घेतली. त्यांचे इंग्रजी सातवीपर्यंतचे. परंतु कागदावर लिहिलेली आज्ञा सावकाश वाचणे आणि परत आलेली नक्कल अक्षराअक्षराने ताडणे, ह्यांत त्यांना हरवील असा माणूस मी पाहिलेला नाही.

ह्या विद्येच्या यंत्रभागातही एक विलक्षण गोष्ट आहे. घरचा संगीताचा रेडिओ एफएम पद्धतीचा असतो. विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असूनही जुन्या एएम पद्धतीनेच चालतो. एफएमच्या संचात दोन आवाज एकाच वेळी आले तर बलवान आवाज दुर्बळास गिळून टाकतो आणि ऐकणाऱ्यास दुसरा कोणी बोलत होता ह्याचा पत्ताही लागत नाही. एएममध्ये दोघे एकदम बोलले की कर्कश शिट्टी निघते. शब्द दोघांचेही बुडतात, परंतु काहीतरी बुडाले एवढे तरी कळते. आकाशातील माणसांनी गोड आवाजापेक्षा हा कटू पुरावा पत्करला, ह्यात मला मोठे शहाणपण दिसते.

अर्थात शिट्टी ऐकूनही ती मनावर घेणारा माणूस लागतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर होती. डच विमानाच्या सहवैमानिकाने आपण उड्डाणाच्या बेतात असल्याचे संदिग्ध शब्दांत कळवले; मनोऱ्यातून 'थांबा, मी बोलावीन' असे उत्तर गेले; त्याच क्षणी अमेरिकन विमानाने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे सांगितले. दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळून डच कक्षात मुख्यतः ती शिट्टीच पोचली. ५८३ माणसे मरण पावली. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना वा ती रद्द करतानाच उच्चारावा, एरवी 'डिपार्चर' म्हणावे, असा नियम झाला. पाचोऱ्याची एक मुलगी ओसरीवर बसून 'रेडी फॉर डिपार्चर' असे म्हणते, तेव्हा त्या एका शब्दाच्या निवडीमागे एवढ्या चिता आहेत.

इथवर केवळ कौतुक होते. ह्यापुढे माझी काळजी सुरू होते.

पहिली काळजी आमच्या भाषेचीच आहे. मराठीत आपण 'सत्तावीस' म्हणतो, म्हणजे आधी सात आणि मग वीस. 'त्रेपन्न' म्हणजे आधी तीन आणि मग पन्नास. रेडिओवर आकडे डावीकडून एकेक सुटे म्हणावे लागतात: पश्चिमेकडे तोंड असलेली धावपट्टी 'टू सेव्हन'. जी मुलगी लहानपणापासून पाढे मराठीत म्हणत आली, तिचे मन ऐकलेला आकडा आधी मराठीत लावते आणि मग उलट इंग्रजीत मांडते, आणि ह्या उलाढालीत 'ट्री फाइफ' कधी 'फाइफ ट्री' होऊन बाहेर पडते. हवेच्या दाबाच्या आकड्यात, ज्यास रेडिओवर 'क्यूएनएच' म्हणतात, एका हेक्टोपास्कलची चूक उंचीमापकात सुमारे २७ ते ३० फुटांची चूक होते. १००६ ऐवजी १०१६ लावला, तर विमान काट्यावर दिसते त्याहून जवळजवळ तीनशे फूट खाली असते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या शहरी मुलांना ही अडचण कदाचित कळणारही नाही. ती दूर करण्याचा उपाय सराव हाच आहे. परंतु सरावासाठी तालुक्याच्या गावी ओसरी आणि आजोबा ह्यांखेरीज काय आहे?

दुसरी काळजी परीक्षेची. रेडिओ वापरण्याचा परवाना स्वतंत्र असतो, आणि त्याची परीक्षा वर्षानुवर्षे दूरसंचार खात्याच्या बिनतारी नियोजन शाखेकडे होती. मोठ्या शहरांतील मोजकी केंद्रे आणि तपासनिसांपुढची तोंडी परीक्षा ह्यांची धास्ती विद्यार्थ्यांत सर्वत्र असे. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आणि हे काम वैमानिकाचा परवाना देणाऱ्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे सोपवले गेले. एकाच दारी दोन्ही कामे यावीत, हे योग्यच झाले. परंतु दफ्तर बदलल्याने तोंडास कोरड पडावयाची थांबत नाही. व्यावसायिक परवान्यास २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांतल्या प्रत्येक तासास पैसा मोजावा लागतो, आणि भीतीने गप्प राहिलेला विद्यार्थी तोच तास पुन्हा विकत घेतो.

तिसरी काळजी भूगोलाची आहे. ह्या लहरी वाकत नाहीत. पृथ्वीच्या बाकापलीकडे आणि डोंगराआड त्या जवळजवळ पोचतच नाहीत. फुटांतील उंचीच्या वर्गमुळास १.२३ ने गुणले म्हणजे नाविक मैलांत पल्ला निघतो, असा ढोबळ हिशेब आहे. त्याप्रमाणे पाचोऱ्याच्या डोक्यावर चारशे फुटांवर असलेले विमान जळगावशी बोलू शकेल, परंतु धुळ्यावरून बोलावयाचे तर पंधराशे फुटांच्या आसपास चढावे लागेल. आणि हा हिशेब सपाट माळाचा, वाटेत डोंगर नाही असे धरून केलेला. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग असल्यावर खाली उतरणाऱ्या विमानाचा आवाज कोणत्या घडीत बुडेल, हे प्रत्यक्ष उडाल्यावाचून कळत नाही. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वर्डीजवळ शिक्षणाचे एक विमान कोसळले. शिक्षक गेले, शिकणारी तरुणी जबर जखमी झाली, आणि गावकऱ्यांनी लुगड्याची झोळी करून तिला खाली आणले. त्या अपघाताच्या कारणांत शिरण्याचा मला अधिकार नाही. परंतु तेथे आधी धावून आली ती माणसे पायी आलेली होती, हे मी विसरू शकत नाही.

आणि ज्या धावपट्टीवर मनोराच नाही तेथे काय? तेथे वैमानिक आपले ठिकाण एकमेकांस कळवीत फिरतात: मी डाउनविंडला आहे, मी बेसवर वळतो, मी फायनलवर आहे. नक्कल परत मागणारा कोणी नसतो. जळगावी मनोऱ्यात बसलेला नियंत्रक चूक पकडील ह्या भरवशावर वाढलेले कान तेथे एकटे पडतात. विमानाचा रेडिओच बंद पडला तर मनोऱ्यातून दिव्याने खुणा करण्याची सोय आहे: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर तांबडा म्हणजे दुसऱ्यास वाट देऊन घिरट्या घालीत राहा, लुकलुकता तांबडा म्हणजे उतरू नका. मनोरा नसला की दिवाही नसतो. शिक्षक सांगतात की, आधी विमान सांभाळ, मग वाट सांभाळ, मग बोल. हा क्रम मला पटतो. तरी पहिल्यांदा एकटीने वर गेलेल्या मुलीचे हात, डोळे आणि जीभ एकाच वेळी मागितली जातात, तेव्हा तिसऱ्या क्रमांकावरचे काम पहिल्याने सुटते, हेही तितकेच खरे.

परवा संध्याकाळी मी पुन्हा त्या ओसरीवर गेलो. भुसावळकडे जाणारी एक मालगाडी धडधडत होती, आणि ती जाईपर्यंत दोघेही गप्प बसली होती. मग आप्पांनी चष्मा सावरून कागदावरची आज्ञा वाचली: रनवे टू सेव्हन, क्यूएनएच वन झिरो झिरो सिक्स. नातीने झाकणीवर अंगठा दाबला, क्षणभर थांबली आणि स्पष्ट, सावकाश उत्तर दिले: रनवे टू सेव्हन, क्यूएनएच वन झिरो झिरो नाइनर.

आप्पा चूक म्हणाले नाहीत. त्यांनी बोट त्याच ओळीवर ठेवले, 'निगेटिव्ह' हा एक शब्द उच्चारला, आणि आकडा पहिल्याहून सावकाश पुन्हा वाचला.