कुलूप कुणाच्या नावावर?

सामायिक फोल्डरमधली वर्डची फाइल उघडायला जावं आणि 'ही फाइल अमक्याकडे उघडी आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल' असा निरोप यावा, हा अनुभव नसलेला कचेरीतला माणूस विरळाच. निरोप येतो कुठून? फाइल उघडताच वर्ड तिच्या शेजारी एक चिमुकली, लपलेली फाइल तयार करतं. तिचं नाव '~$' या चिन्हांनी सुरू होतं आणि पोटात उघडणाऱ्याचं नाव असतं. काम संपवून फाइल बंद केली की ती पुसली जाते. मध्येच वीज गेली तर मात्र मागे राहू शकते, आणि मग घरी जाऊन जेवून झोपलेला माणूसही फाइल धरून बसलेला दिसतो. नाव तरी कुठलं? ऑफिसच्या सेटिंगमध्ये जे टाकलं असेल ते. त्यामुळे 'अ‍ॅडमिन' नावाच्या इसमाला मजलाभर शोधत फिरायची पाळी येते.

पण त्या लपलेल्या फाइलीचं हे कुलूप नसतं तर? दोघांनी एकच मसुदा उघडला, दोघांनी दुरुस्त्या केल्या, तर नंतर सेव्ह करणारा जिंकतो. पहिल्याचं काम गेलं, आणि गेलं हे कुणाला कळतही नाही.

यावरचा जुना तोडगा प्रोग्रामरांचा. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकिंड यांनी १९७२ साली 'सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम' लिहिली. फाइल बदलण्यासाठी मागून घ्यायची, घेणाऱ्याची नोंद होणार, परत करेपर्यंत दुसऱ्याला ती बदलायला मिळणार नाही. पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८२च्या सुमारास केलेल्या 'आरसीएस'नं हीच रीत पुढे नेली. त्यातली एक सोय मला फार शहाणपणाची वाटते. दुसऱ्याचं कुलूप तोडता येतं, पण तोडताना कारण लिहावं लागतं आणि ते कारण मूळ मालकाला मेलनं जातं. चोरून काही नाही. आजच्या कितीतरी महागड्या प्रणालींत एवढी रीतभातही सापडत नाही.

कुलपाला पहिला जोरदार धक्का अ‍ॅमस्टरडॅममध्ये बसला. डिक ग्रून आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर सी भाषेच्या कंपायलरवर काम करत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच नेमानं येणारा, दुसऱ्याच्या वेळेचा भरवसा नाही, आणि स्वतः ग्रून यांना फक्त संध्याकाळी सवड. एकानं फाइल अडकवली की बाकीचे दोघे हात चोळत बसणार. म्हणून त्यांनी १९८६ साली जाहीर झालेली 'सीव्हीएस' रचली. ज्यानं त्यानं आपापल्या प्रतीवर काम करायचं, बदल नंतर एकमेकांत मिसळायचे.

प्रोग्रामच्या ओळींना हे मानवलं. नकाशा, चित्र किंवा वास्तुविशारदाचं रेखाटन यांचं तसं नाही. दोघांचे बदल ओळीओळीनं जुळवणारं साधन तिथे चालत नाही. सीव्हीएसची जागा घ्यायला आलेल्या 'सबव्हर्जन'लासुद्धा २००५ साली कुलपाची सोय करून द्यावी लागली. दरम्यान वेबवरच्या फाइलींसाठी 'वेबडॅव्ह' हे मानक १९९९ साली आलं. त्यात कुलपाला मुदत घालता येते. मुदत संपली की ते आपोआप सुटतं. विसराळू माणसावर याहून चांगला इलाज नाही.

कचेऱ्यांतल्या फाइली सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये हीच मागून घेण्याची रीत 'चेक-आउट' आणि परत करण्याची 'चेक-इन' या नावानं आहे. चेक-आउट केलेल्या फाइलीचे बदल चेक-इन होईपर्यंत इतरांना दिसत नाहीत. त्यांना मागची आवृत्तीच दिसते. फाइलींच्या लायब्ररीत चेक-आउट सक्तीचं असेल, तर नवी टाकलेली आणि एकदाही चेक-इन न केलेली फाइल टाकणाऱ्याखेरीज सहकाऱ्यांना दिसतच नाही. माणूस नोकरी सोडून गेला की ती शोधायला अ‍ॅडमिननं त्या फाइलींची वेगळी यादी उघडायची आणि मालकी स्वतःकडे घ्यायची.

एकाच दस्तऐवजात अनेकांनी एकाच वेळी लिहिण्याची सोय आता सर्रास झाली आहे. इतिवृत्त, वेळापत्रक अशा कामांना तीच बरी. तिथे चेक-आउटची सक्ती म्हणजे निव्वळ जाच, शिवाय त्या सक्तीमुळे एकत्र लिहिण्याची सोयच बंद पडते. करारनामा किंवा मंजूर नकाशा मात्र एका वेळी एकाच हातात असावा, असं माझं मत. ज्यांच्या हाती अशी व्यवस्था आहे त्यांना एवढीच विनंती: रजेवर गेलेल्याचं कुलूप कुणी, कधी तोडायचं आणि त्याला कसं कळवायचं, हे आधीच लिहून ठेवा.