वर्षाला एक डॉलर, सलग दहा वर्षं!

बायकांनी बायकांसाठी निधी उभारण्याचा हा इतिहास प्रत्येकाला माहीत हवा.

१८८७ साली अमेरिकेत बॉस्टनला समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या कामासाठी 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. शहरोशहरी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदांनी वर्षाला किमान एक डॉलर, तोही दहा वर्षं द्यायचं कबूल केलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही निवासी शाळा उघडली.

पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या कितीतरी मुली-बायका देशोधडीला लागल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेलेले. त्या तडक तिकडे पोचल्या आणि शेकडोजणींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं.

तिथे पोटभर जेवण मिळालंच, शिवाय हाताला कामही मिळालं. शेती, विणकाम, छापखाना! खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं बायका करत. अंध मुलींना ब्रेल शिकवली जाई.

आजही निर्वासित, विस्थापित स्त्रियांना मदत करताना हेच बघा: धान्याच्या पाकिटासोबत शिक्षण, कमाई आणि निर्णयाचा हक्क मिळतोय का? रक्कम छोटी चालेल, पण दरवर्षी न चुकता द्या.

#पंडितारमाबाई #स्त्रीवाद