फ्रिज गार होत नाही? आधी कान देऊन ऐका

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोदमध्ये मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत फ्रिजमधली बाटली कोमट लागली, की घरात एकच निदान होते, ‘कॉम्प्रेसर गेला!’ दूध-भाजीचे नुकसान सोसता येते. पण त्याच फ्रिजमध्ये आजोबांचे इन्सुलिन असेल, तर काळजी वाढते.

कॉम्प्रेसर शीतक वायू दाबतो. दाबलेला वायू तापतो, जाळीतून उष्णता बाहेर टाकतो आणि द्रव होतो. या द्रवाची आत पुन्हा वाफ होते, तेव्हा गारवा मिळतो. म्हणूनच जाळीवर धूळ असली किंवा फ्रिज भिंतीला चिकटलेला असला, तर धडधाकट कॉम्प्रेसरही थकतो. प्लग काढून जाळी ब्रशने झाडा, मागे मोकळी जागा ठेवा. दारात कागद अडकवून ओढा. तो सहज निघाला, तर दाराचे रबर सैल झाले आहे. फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडते.

आता कान द्या. संथ घरघर येत असेल, तर कॉम्प्रेसर चालू आहे. तरीही गारवा नसेल, तर आतला पंखा बंद असेल किंवा गॅस गळत असेल. गॅस वापरून संपत नाही; गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे पैसे पाण्यात. दर काही मिनिटांनी ‘टक्’ आवाज येत असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो आणि ओव्हरलोड त्याला थांबवतो. याचे कारण कमी व्होल्टेज किंवा बिघडलेला रिलेही असू शकते. रिले स्वस्त, कॉम्प्रेसर महाग. म्हणून मेकॅनिकला आधी व्होल्टेज आणि रिले तपासायला सांगा. वीज गेली-आली, तर फ्रिज पाच मिनिटांनी चालू करा. अनेक नव्या फ्रिजमध्ये ज्वलनशील आयसोब्युटेन वायू असतो, तेव्हा नळ्यांना स्वतः हात लावू नका.

दुरुस्ती होईपर्यंत दार बंद ठेवा. गारवा साधारण चार तास टिकतो. त्यानंतर दूध, वरण, भात, मांस भर उन्हाळ्यात तासाभराहून जास्त बाहेर राहिले, तर टाकून द्या. वास आला नाही म्हणजे अन्न चांगले, असे नाही.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, म्हणून ते शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये हलवा. वापरातली कुपी पिशवीत बांधून छोट्या मडक्यात ठेवा आणि ते मडके ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या मडक्यात सावलीत ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो. कुपी बर्फाला मात्र चिकटू देऊ नका. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. औषध बराच वेळ तापले असेल, तर वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. कॉम्प्रेसर बदलता येतो. बिघडलेल्या औषधाने वाढलेली साखर मात्र जिवावर बेतू शकते.