सदाफुलीचे पान आणि कसोटी

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या पाळीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. सोबत्यांचे आजारपणाच्या रजेचे अर्ज लिहिता लिहिता कर्करोगाशी ओळख झाली.

एक सोबती आठवतो. तंबाखूचा बार भरून गालात चट्टा उठला होता. इस्पितळाची चिठ्ठी खिशात ठेवून तो सहा महिने एका जडीबुटीवाल्याच्या पुड्या घेत राहिला. परतला तेव्हा तोंड उघडेना. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती.

त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण इस्पितळात चार तास बाकावर बसल्यावर त्याच्या वाट्याला दोन मिनिटे आली होती. जडीबुटीवाल्याने मात्र त्याला बसवून घेतले, घरची विचारपूस केली आणि 'कापाकापी नको, बरा होशील' असे सांगितले. भ्यालेल्या माणसाला असा शब्दच औषध वाटतो.

मग झाडपाल्यात काहीच नाही काय? आहे. आपल्या कुंपणाची सदाफुली घ्या. जमेकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५२ साली तेथून २५ पाने कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. प्रयोगात उंदरांची साखर उतरली नाही. पण रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. रक्ताच्या कर्करोगात नेमक्या याच पेशी बेसुमार वाढतात! रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांच्यासह त्यांनी १९५८ साली व्हिनब्लास्टिन वेगळे काढले. पुढे त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळाले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. पेशी दुभंगताना लागणारे सूक्ष्म धागे ही औषधे जुळू देत नाहीत, म्हणून भराभर वाढणारी पेशी मरते. केसांची मुळेही भराभर वाढतात, म्हणून केस गळतात.

परंतु शेकडो किलो वाळक्या पानांतून हे द्रव्य ग्रॅमभर निघते, आणि मात्रा चुकली तर ते विषच. पाने चघळून कर्करोग जात नाही.

तेव्हा औषध झाडाचे की कारखान्याचे, हा प्रश्नच नव्हे. ते कसोटीला उतरले काय, हा प्रश्न. जर्दाळूच्या बियांतील द्रव्याशी नाते सांगणारे लेट्राइल अमेरिकेत फार गाजले. १९८२ साली १७८ रोग्यांवरील चाचणीचा निकाल आला. कोणी बरे झाले नाही. उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोहोचले होते.

कसोटीला उतरलेले औषधही परवडले पाहिजे. यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब महिन्याला सुमारे २,८०,००० रुपयांना मिळे. २०१२ साली भारताच्या पेटंट नियंत्रकांनी सक्तीचा परवाना दिला, आणि दुसऱ्या कंपनीला ते ८,८८० रुपयांहून अधिक न घेता विकण्याची अट घातली. भोंदूगिरीशी लढावयाचे तर किमतीशी आणि त्या दोन मिनिटांशीही लढले पाहिजे.

तोवर एवढे करा. तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि कोणी चिठ्ठी खिशात ठेवून हिंडत असेल, तर त्याच्याबरोबर इस्पितळापर्यंत जा. आमच्या सोबत्याबरोबर आम्ही गेलो नव्हतो.