चाकाच्या मापाने गाडी : मुलांना कार काढायला शिकवताना



"आवडीचं चित्र काढा" असं म्हटलं की वर्गातली बरीच मुलं गाडी काढतात. गेल्या वर्षी तिसरीतल्या एका मुलाने कार काढली आणि तिला चार चाकं एका ओळीत लावली. मी खोडरबर घेतला आणि मधली दोन चाकं खोडून टाकली. तो म्हणाला, "पण बाई, गाडीला चारच चाकं असतात ना?" नंतर त्याने ते पान उलटलं आणि बरेच दिवस गाडी काढलीच नाही.

चूक माझी होती. फ्रेंच अभ्यासक ज्यॉर्ज-आंरी ल्युके यांनी १९२७ सालच्या बालचित्रांवरील पुस्तकात हेच मांडलं आहे : लहान मूल डोळ्यांना दिसतं ते नाही, तर त्याला माहीत असतं ते काढतं. म्हणून चार चाकं एका ओळीत येतात, पत्र्यातून आतली माणसंही दिसतात. पुढे आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर ते आपलं चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहू लागतं आणि "मला चित्र येत नाही" इथूनच सुरू होतं. अशा वेळी त्याला बघण्याचं एखादं साधन हवं असतं. गाडीच्या बाबतीत ते साधन म्हणजे तिचंच चाक.

आधी मोजा

आम्ही सुतळी घेऊन मैदानात गेलो. तिथे एका सरांची जुनी मारुती ८०० उभी होती. चाकाच्या उंचीएवढी सुतळी कापली, साधारण ५० सेंमी. मग तिनेच सगळी गाडी मोजली.

- लांबी : सुमारे साडेसहा चाकं
- उंची : सुमारे पावणेतीन चाकं
- दोन चाकांमधली मोकळी जागा : तीन चाकांपेक्षा थोडी जास्त

गाडी बदलली की माप थोडं बदलतं, पण बऱ्याच लहान गाड्यांत दोन चाकांमध्ये साधारण तीन चाकं मावतात. मुलं बहुतेक वेळा चाकं फार लहान आणि फार जवळ काढतात. मोजल्यावर ही चूक त्यांची त्यांनाच दिसते. शिवाय पाव, अर्धा, पाऊण यांचा सराव होतो तो वेगळाच!

मग काढा

१. पट्टीने जमिनीची एक रेघ मारा.

२. रुपयाचं नाणं ठेवून रेघेवर पहिलं चाक गिरवा. तीन नाण्यांची जागा सोडून दुसरं गिरवा.

३. दोन्ही टोकांना अर्ध्या चाकापेक्षा थोडी जास्त जागा ठेवा आणि पावणेतीन चाकं उंचीची चौकट फिक्या रेघेने आखा. गाडी या चौकटीत बसवायची.

४. उंचीचे अंदाजे तीन भाग करा. वरचा भाग काचांचा, खालचे दोन पत्र्याचे. पुढे बॉनेट, तिथून तिरकी वर चढणारी काच, मग टप आणि मागे उतरता दरवाजा.

५. पत्र्याची खालची कड जमिनीला टेकवू नका. ती चाकाच्या एक तृतीयांश उंचीवर ठेवा. चाकाचा वरचा भाग पत्र्यात शिरलेला दिसला पाहिजे, नाहीतर खोक्याला चाकं चिकटवल्यासारखी वाटतात.

६. शेवटी दार, हँडल, दिवे. गाडीखाली गडद सावली द्या. सावली नसेल तर गाडी हवेत तरंगते.

तिरकी गाडी नंतर

बाजूने दिसणारी गाडी हाताला बसली की मगच कोपऱ्यातून दिसणारी घ्या. त्याआधी एक बांगडी मुलांसमोर धरून हळूहळू फिरवा. समोरून गोल दिसणारी बांगडी वळवताना लांबट होत जाते. तिरक्या गाडीची चाकंही तशीच दिसतात आणि जवळचं चाक लांबच्यापेक्षा मोठं दिसतं. हे सांगण्यापेक्षा मुलांना स्वतः पाहू द्या.

पालकांनो, घरी गाडी नसली तरी गल्लीत उभी असलेली चालेल. आणि एक विनंती : मुलाच्या चित्रावर खोडरबर आपण फिरवू नये. "इथून बघ, किती चाकं दिसतात?" एवढंच विचारावं.

तो मुलगा आता चौथीत आहे. त्या दिवशी सुतळीचं दुसरं टोक त्यानेच धरलं होतं. वर्गात येऊन त्याने गाडी काढली, दोनच चाकांची. मग पान उलटलं आणि मागच्या बाजूला आणखी दोन चाकं काढली.

"ही पलीकडची, बाई."

या वेळी मी काहीच खोडलं नाही.